घर कोणत्या मापाने मोजायचे?

तळेगाव दाभाडे स्थानकावर लोकलमधून उतरून गावाच्या दिशेने चालू लागले, की दोन काळांतील घरे एकापाठोपाठ एक दिसतात. सरसेनापती दाभाडे यांच्या नावाशी जोडलेल्या या गावाचे जुने वाडे गावठाणात उभे आहेत. काही पडीक, काही अर्धे पाडलेले, काही अजून नांदते. त्यांच्या भोवताली, स्टेशनच्या अंगाने आणि सोमाटणे फाट्याच्या बाजूला, बहुमजली इमारतींचे समूह उठले आहेत व उठत आहेत. एकेकाळी हे हवापालटासाठी येण्याचे गाव होते. गो. नी. दांडेकरांसारखा सह्याद्रीत रमणारा लेखक येथे घर करून राहिला, यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. आज येथे घर घेणारा माणूस बहुधा चाकण, पिंपरी-चिंचवड किंवा तळेगावच्याच औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात कामाला असतो. हातची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज घालून तो पाच-सहाशे चौरस फुटांची सदनिका घेतो. ती कशी असावी हे ठरविण्यात त्याचा वाटा मात्र जवळजवळ नसतोच. नकाशा आधी ठरतो, घर घेणारा नंतर येतो.

हा नकाशा यंत्राने काढण्याचे दिवस आता आले आहेत. भूखंडाची मापे, रस्त्याची रुंदी, चटईक्षेत्र निर्देशांक आणि हव्या असलेल्या सदनिकांची संख्या भरली, की काही मिनिटांत शेकडो पर्यायी नकाशे समोर ठेवणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या बाजारात विकत मिळू लागल्या आहेत. त्यांचे विक्रेते याला क्रांती म्हणतात. काही वास्तुविशारद याला आपल्या कलेचा अंत म्हणतात. विक्रेत्यांच्या उत्साहाकडे आणि कलावंतांच्या विलापाकडे सारख्याच सावधपणे पाहिले पाहिजे. कारण आज तळेगावात, चिंचवडात किंवा मोशीत जे नकाशे बांधले जातात, त्यांतील बहुसंख्य नकाशांत कलेचा अंश किती उरला आहे, हे विलाप करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. चार-पाच ठरलेले साचे घ्यायचे, भूखंडावर बसतील तितके बसवायचे आणि उरलेल्या कोपऱ्याला उद्यान म्हणायचे, हे काम माणसाने केले काय आणि यंत्राने केले काय! खरा प्रश्न निराळा आहे. यंत्राला ‘चांगला नकाशा शोध’ असे सांगताना चांगला म्हणजे काय, हे कोण सांगतो?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी यंत्र काय करते ते थोडे समजून घेतले पाहिजे. यंत्राला घर दिसत नाही. त्याला खोल्यांची यादी दिसते, प्रत्येक खोलीचे किमान क्षेत्रफळ दिसते, कोणती खोली कोणत्या खोलीला लागून असावी याचा तक्ता दिसतो, आणि या साऱ्यांना दिलेले गुण दिसतात. मग ते एक मांडणी करते, तिचे गुण मोजते, दोन खोल्यांची अदलाबदल करते किंवा एखादी भिंत हातभर सरकवते, पुन्हा गुण मोजते. गुण वाढले तर नवी मांडणी ठेवते, घटले तर सहसा टाकून देते. हे काम ते एका सेकंदात हजारो वेळा करू शकते, एवढेच त्याचे सामर्थ्य. हे सामर्थ्य लहान नाही. दहा विभाग दहा जागांवर मांडण्याचे प्रकार ३६,२८,८०० होतात. वीस विभाग वीस जागांवर मांडायचे म्हटले तर ती संख्या एकोणीस आकडी होते. एवढे सारे पर्याय तपासणे वेगवान संगणकालाही शक्य नसते. म्हणून तो सर्वोत्तम मांडणी शोधत नाही, बऱ्यापैकी चांगली शोधतो. जाहिरातीत ‘सर्वोत्तम’ हा शब्द दिसला, तर वाचकांनी तो या हिशेबाने घ्यावा.

ही विद्या मुळात घरांसाठी जन्मलीच नाही, ती कारखान्यांसाठी जन्मली. कोणता उद्योग कोणत्या जागी ठेवला म्हणजे मालाच्या ने-आणीचा खर्च कमी होईल, हा प्रश्न टी. सी. कूपमन्स आणि मार्टिन बेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९५७ साली गणिताच्या भाषेत मांडला. १९६३ साली आर्मर आणि बफा या अमेरिकन संशोधकांनी कारखान्यातील विभागांची मांडणी संगणकाकडून सुधारून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. असलेली मांडणी घ्यायची, दोन विभागांची अदलाबदल करून पाहायची, माल हलविण्याचा खर्च कमी होत असेल तर ती अदलाबदल कायम करायची, अशी ती साधी आणि उपयुक्त रीत होती. चाकण-तळेगाव पट्ट्यात ज्यांनी कारखान्याच्या आखणीचे काम केले आहे त्यांना यात काही परके वाटणार नाही. प्रेस शॉप कोठे, वेल्डिंग कोठे, रंगकाम कोठे आणि जुळणीची रांग कोठे, हे ठरविताना माल किती वेळा, किती अंतर आणि किती खर्चाने हलतो हेच पाहावे लागते.

पुढे या पद्धती अधिक चतुर झाल्या. १९८३ साली किर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्की यांनी मांडलेली एक पद्धत तर तळेगावकरांना विशेष जवळची वाटावी. भट्टीतून काढलेली वस्तू एकदम थंड केली तर तिच्या अंगात ताण राहतो. सावकाश निववली तर तिचे कण नीट बसतात. त्याच न्यायाने संगणकालाही प्रारंभी वाईट मांडण्या स्वीकारण्याची मोकळीक द्यायची आणि ती हळूहळू कमी करीत न्यायची, म्हणजे तो पहिल्याच बऱ्या मांडणीवर अडकून पडत नाही. लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली याच तळेगावात सुरू झाला. काच सावकाश निववली नाही तर ती पुढे आपोआप तडकते, हे येथल्या कारागिरांना संगणक जन्माला येण्याच्या आधीपासून ठाऊक होते.

कारखान्यापुरते हे सारे ठीक आहे. तेथे हेतू एक असतो, आणि तो पैशांत मोजता येतो. कारखाना चुकीचा मांडला तर पुन्हा मांडताही येतो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात त्याचे उत्पादन थांबले, आणि २०२३ साली तो ह्युंदाईने विकत घेण्याचा करार केला. नव्या मालकाने आपल्या गाड्यांसाठी आपली व्यवस्था लावली. त्या कारखान्याच्या भरवशावर ज्याने जवळपास घर घेतले, त्याचे घर मात्र होते तसेच आणि तेथेच आहे.

कारखान्याचा हिशेब माणसांच्या इमारतीला लावताना पहिली अडचण कोठे येते, हे फार लवकर दिसून आले होते. व्हाइटहेड आणि एल्डर्स या दोघांनी १९६४ साली रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाची मांडणी तेथील माणसांच्या फेऱ्या मोजून संगणकाकडून काढून दाखविली. प्रयत्न कौतुकास्पद होता. परंतु फेऱ्या मोजायच्या म्हटल्या, की कोणाच्या फेरीला किती किंमत द्यायची हे ठरवावे लागते. पगाराच्या प्रमाणात दिली तर शल्यविशारदाचे एक पाऊल आयाच्या दहा पावलांच्या बरोबरीचे ठरेल, आणि यंत्र निमूटपणे आयाला दूर चालायला लावील. यंत्राने अन्याय केला असे म्हणता येणार नाही. त्याने सांगितले तेवढे केले.

हाच हिशेब घरात आणा. दिवसभरात सर्वांत अधिक फेऱ्या कोणाच्या होतात? ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून कपडे वाळत घालण्याच्या जागेपर्यंत, तेथून पाणी येण्याच्या वेळेला नळापर्यंत, दार वाजले की दारापर्यंत आणि पाळण्यातले मूल रडले की पाळण्यापर्यंत. या फेऱ्यांना पगार नाही, म्हणून हिशेबात किंमतही नाही. सदनिकांच्या रूढ नकाशात स्वयंपाकघर सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात ढकललेले आणि कपडे धुण्याची जागा बाहेरच्या तीन फुटी पट्टीत कोंबलेली दिसते, तिचे कारण येथे आहे. संगणकाने ही चूक निर्माण केलेली नाही. आधीपासून चालत आलेली चूक तो अधिक वेगाने आणि अधिक अचूकपणे करील, एवढेच.

दुसरा प्रश्न, गरजांची यादी कोण लिहितो हा. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या गणित शिकलेल्या वास्तुविशारदाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उदाहरण म्हणून एक भारतीय खेडे घेतले होते. गुजरातेतील एका खेड्यात राहून त्याने तेथील जीवनाच्या १४१ गरजा लिहून काढल्या. त्यांतील कोणत्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत ते ठरविले, आणि त्या जाळ्याचे तुकडे पाडण्याचे काम संगणकाकडे सोपविले. त्या काळी हे फार धाडसाचे होते. तथापि वाचताना लक्ष वेधले जाते ते त्यातील गणिताकडे नव्हे, त्या यादीकडे. जनावरे, चारा, पाणी, जातपात, सणवार, शेतीचे वाद असे सारे त्यात येते. यादी करण्यासाठी खेड्यात जाऊन राहावे लागले. संगणकापाशी बसून ती झाली नसती. पुढे १९७१ साली त्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अलेक्झांडरने, रचनापद्धतीचा अभ्यास प्रत्यक्ष रचनेपासून तोडून स्वतंत्रपणे करणाऱ्यांपासून आपल्याला अलग ठेवले. ज्याला या शास्त्राचा एक जनक म्हणावे त्यानेच इतक्या लवकर ही सावधगिरी दाखविली, हे आजच्या उत्साही मंडळींनी ध्यानात ठेवावे.

गणिताने घर आखणे हे आपल्याकडेही नवे नाही. जुन्या वास्तुग्रंथांत चौसष्ट किंवा एक्याऐंशी पदांचे मंडल आखून कोणत्या पदात काय यावे हे सांगितले आहे. लांबी-रुंदीला ठरावीक संख्येने गुणून, ठरावीक संख्येने भागून, उरलेल्या बाकीवरून माप स्वीकारायचे की टाकायचे हे ठरविण्याचा ‘आय’ काढण्याचा विधीही त्यांत आहे. हा एका अर्थाने नियमांनी बांधलेला शोधच होता, आणि त्यातील बाकीच्या शुभाशुभावर विश्वास ठेवण्याचे आज काही कारण नाही. परंतु ते नियम वापरणारा गवंडी आणि सुतार त्याच गावात राहत असे, पाऊस कोठून येतो हे त्याला पाठ असे, आणि नियम व पाऊस यांचे भांडण झाले तर पावसाचे ऐकण्याइतका तो शहाणा होता. आजची विक्रीपत्रके ‘वास्तुनुसार रचना’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. ईशान्येला देवघर असल्याची हमी मिळते. खिडकीत वर्षाचे किती महिने ऊन येते, याची हमी कोणी देत नाही.

पावसाचा विषय निघाला आहे तर तळेगावचेच उदाहरण घेऊ. हे गाव लोणावळ्याच्या धो-धो पावसाच्या आणि पुण्याच्या बेताच्या पावसाच्या मध्ये, मावळात बसलेले आहे. आषाढात येथे वारा पश्चिमेकडून घाटावरून पाऊस घेऊन येतो. चैत्र-वैशाखात हीच पश्चिम बाजू दुपारनंतर तापते. पश्चिमेला मोठी खिडकी दिली तर वारा मिळतो, पण पाऊस आत येतो आणि उन्हाळ्यात खोली भाजते. न दिली तर खोली कोंदट राहते. एक साधावे तर दुसरे बिघडते. अशा ठिकाणी संगणक खरोखर उपयोगी पडतो. तो एकच उत्तर न देता पर्यायांची अशी मालिका देऊ शकतो, की तिच्यातील कोणताही पर्याय दुसऱ्या एखाद्यापेक्षा सर्वच बाबतींत वाईट नसतो. छज्जा इतका वाढविला तर ऊन इतके कमी होते आणि उजेड इतका घटतो, हे आकड्यांत दाखवितो. मग निवड माणसाने करायची. चांगल्या वास्तुविशारदाला हे अंदाजाने कळत असते. परंतु चांगला वास्तुविशारद सहाशे चौरस फुटांच्या सदनिकेसाठी किती वेळ देणार, आणि त्याला तेवढा वेळ देण्याचे पैसे कोण देणार? या ठिकाणी यंत्राचा पक्ष घेण्यास आम्हाला संकोच वाटत नाही.

पण यंत्राला शिकविले काय जात आहे? अलीकडे नियम सांगण्याऐवजी जुने नकाशे दाखवून यंत्राला शिकविण्याची रीत आली आहे. चीनमधील संशोधकांनी २०१९ साली आशियाई गृहबाजारातील ऐंशी हजारांहून अधिक सदनिकांच्या नकाशांचा संग्रह या कामासाठी तयार केला, आणि जगभर या विषयावर काम करणाऱ्यांनी आपली यंत्रे त्यावर घडविली. नकाशे भराभर निघू लागले, ते दिसायलाही सुबक असतात. परंतु यंत्र त्यांतून घराचे तत्त्व शिकले नाही, सवय शिकले. दिवाणखाना मधोमध आणि त्याला चिकटून सगळ्या खोल्या, ही त्या संग्रहातील सदनिकांची सवय आहे. त्यात देवघर नाही. बाहेरून आल्यावर पाय धुण्याची जागा नाही. पापड-कुरडया वाळविण्याची, धान्य निवडण्याची, पहिलटकरीण माहेरी आली तर तिला आणि बाळाला तीन महिने देता येईल अशी आडोशाची जागा नाही. यातील काही गोष्टी आता आपल्याच घरांतून गेल्या आहेत आणि काही जाव्यात असेही कोणी म्हणेल. परंतु त्या जाव्यात की राहाव्यात हे ठरविण्याचा अधिकार परक्या शहरातील सदनिकांच्या सरासरीला कोणी दिला?

आता या पट्ट्यातील विशेष गरजेकडे येऊ. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार दिवसा झोपतो. ही झोप सहा तास नीट मिळाली नाही, तर दुसऱ्या रात्री प्रेसवर काम करताना त्याच्या बोटांवर बेतते. त्याला काय हवे? घरात एक खोली अशी हवी, की तिची भिंत स्वयंपाकघराला, शौचालयाच्या नळाला किंवा लिफ्टच्या खोबणीला लागून नाही, तिला पश्चिमेचे ऊन नाही, आणि तिच्यात कोणी झोपले असताना बाकीच्यांना न्हाणीत जाण्यासाठी तिच्यातून जावे लागत नाही. या तीन-चार अटी यंत्राच्या भाषेत लिहिणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. हजारो कामगारांची वस्ती असलेल्या या भागात आजचे नकाशे पाहिले तर त्या कोणी लिहिलेल्या दिसत नाहीत. एका बेडरूमच्या सदनिकेत झोपण्याची खोली आणि ओटा यांच्यामध्ये बहुधा चार इंचांची एक भिंत असते. कुकरची शिटी आणि मुलांचा अभ्यास त्या भिंतीपलीकडून ऐकू येतो. आई मुलांना ‘बाबा झोपलेत, हळू बोला’ असे दिवसभर सांगत राहते. त्या घराच्या नकाशातील चूक ती आपल्या आवाजाने निस्तरीत असते.

मग नकाशा काढताना सध्या कशाला गुण दिले जातात? विकता येणाऱ्या क्षेत्रफळाला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित केली, आणि २०१७ पासून महारेरामुळे ग्राहकाची पूर्वीची फसवणूक पुष्कळ कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोणतेही एकच माप पूज्य ठरले, की त्याच्या आड नवी युक्ती जन्मते. बाहेरच्या भिंतींच्या आतील जागा कार्पेटमध्ये धरली जाते; आतला अंधारा बोळही त्यात येतो, मात्र मोकळी गॅलरी येत नाही. तेव्हा कार्पेट वाढव असे यंत्राला सांगितले, तर त्याला बोळ आणि खोली यांत फरक दिसणार नाही, आणि गॅलरी हा त्याच्या दृष्टीने तोटाच ठरेल. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या मुख्य खोलीला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र व २.४ मीटर रुंदी सांगितली आहे. ती किमान मर्यादा म्हणून सांगितली होती. विक्रीच्या हिशेबात तीच कमाल होऊन बसते. गुण वाढविण्याच्या मागे लागलेले यंत्र प्रत्येक खोलीला नियमाच्या नेमक्या रेषेवर आणून ठेवील, एक सेंटीमीटरही अधिक देणार नाही. माणसाच्या हातून कधी चुकून चांगले होई, तेवढीही आशा मग राहणार नाही.

याचे गांभीर्य बांधकामाच्या नव्या पद्धतीमुळे वाढले आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि छत एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतण्याची रीत, जिला या व्यवसायात ‘मिवान’ म्हणतात, ती मोठ्या गृहप्रकल्पांत आता रूढ झाली आहे. काम झपाट्याने होते, भिंती सरळ येतात. पण या भिंतीच इमारतीचा भार पेलतात. त्यांना हात लावता येत नाही. विटांच्या घरात मुलगा मोठा झाला की एक भिंत काढून दुसरी घालता येत असे. ओतलेल्या घरात नकाशातील चूक एका साच्यातून पाचशे वेळा निघते आणि इमारत उभी आहे तोवर तशीच राहते.

याच्या उलट टोकाला चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूरला १९८३ ते १९८६ या काळात उभारलेली वसाहत आहे. सुमारे आठ मीटर बाजूच्या लहान अंगणाभोवती सात घरे, प्रत्येक घर आपल्या जागेवर सुटे, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही. हेतू हा, की कुटुंब वाढेल तसे ज्याने त्याने आपले घर वाढवावे. आज तेथे गेले तर बरीचशी मूळ घरे ओळखू येत नाहीत, पुष्कळांनी ती पाडून नवी बांधली आहेत. त्याबद्दल हळहळणारे रसिक आहेत. आमच्या मते घर बदलता येणे हा त्या योजनेच्या हेतूचाच भाग होता. वाड्यांचेही तेच होते. चौक, ओसरी, माजघर यांना एकेक नाव असले तरी काम एकच नव्हते. ओसरीवर दिवसा हिशेब होत, संध्याकाळी परवचा होई आणि रात्री पाहुणे झोपत. ज्या खोलीवर नकाशात ‘बेडरूम’ असे लिहून तिच्यात एका पलंगाचे चित्र काढले आहे, तिला एवढे स्वातंत्र्य नसते. पुढे होणारे बदल पेलण्याची क्षमता हाही मोजता येण्याजोगा गुण आहे. किती खोल्यांचा उपयोग किती प्रकारे करता येतो, कोणती भिंत हलविता येते, हे यंत्राला सहज तपासता येईल. त्याला तसे सांगितले मात्र पाहिजे.

येथेच आम्हाला या यंत्रविद्येचा एक मोठा गुण दिसतो, आणि तिच्या टीकाकारांनी तो हिशेबात घेतलेला नाही. माणूस नकाशा काढतो तेव्हा त्याने कशाला महत्त्व दिले हे त्याच्या मनात राहते. विचारले तर तो अनुभवाचा आणि सौंदर्यदृष्टीचा हवाला देतो. यंत्राला मात्र सारे लिहून द्यावे लागते. उजेडाला इतके गुण, विक्रीला इतके, बोळाला इतके. जे लिहिले जाते ते मागून पाहता येते, आणि पाहता आले की त्यावर वाद घालता येतो. घर घेणाऱ्याने ‘हा नकाशा चांगला आहे’ हे ऐकून न घेता, ‘कोणत्या मापाने चांगला?’ असे विचारावे, आणि त्याला उत्तर द्यावेच लागावे, अशी व्यवस्था यापूर्वी कधी शक्य नव्हती. ती आता शक्य आहे.

त्यासाठी नवे खाते उभारण्याची गरज नाही. बांधकामाचे नकाशे नियमांत बसतात की नाही हे संगणकाकडून तपासून घेण्याचे काम आपल्याकडे केव्हाच सुरू झाले आहे. पुण्याच्याच सॉफ्टटेक इंजिनियर्स या कंपनीने घडविलेली ‘ऑटोडीसीआर’ ही प्रणाली पुणे महापालिकेसह अनेक नगरसंस्थांनी वापरली. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीमुळे मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर नियमही बहुतांशी एक झाले. म्हणजे नकाशातील प्रत्येक रेघ वाचणारे यंत्र सरकारच्या दारी आहे. ते आज खोलीचे क्षेत्रफळ आणि खिडकीचे माप तपासते. संहितेप्रमाणे कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एक-दशांश इतकी उघडी जागा असली, की हिशेब पुरा होतो. खिडकीसमोर वीस फुटांवर दुसरी इमारत उभी असली तरी. त्याच यंत्राला समोरच्या इमारतीची उंची, सूर्याची दिशा आणि वाऱ्याची दिशा देऊन, या सदनिकेच्या या खोलीत डिसेंबरात किती तास ऊन येईल, खोलीत आरपार वारा खेळेल की नाही, झोपण्याच्या खोलीची भिंत कशाला लागून आहे, हे काढायला सांगता येईल. आणि हे चार-पाच आकडे विक्रीकरारात कार्पेटच्या आकड्याशेजारी छापणे बंधनकारक करता येईल. दुसऱ्या मजल्यावरील आणि बाराव्या मजल्यावरील सदनिकांच्या नकाशात फरक नसतो, पण उजेडात किती असतो, हे मग सही करण्यापूर्वी दिसेल.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतील सगळे स्वार्थाचे नसतील. किंमत वाढेल असे बांधकाम व्यावसायिक म्हणतील. आकडे छापल्याने विटेची किंमत वाढत नाही. फार तर वाईट सदनिकेची कमी होईल. अधिक वजनदार आक्षेप असा, की ज्या गोष्टीचे माप घ्याल तीच तेवढी सुधारेल आणि बाकीच्या आणखी बिघडतील. तो खरा आहे. उन्हाचे तास मोजू लागलात, तर उन्हाचे तास वाढविणारे आणि माणसाला एकांत न देणारे नकाशे निघतील. त्यावर इलाज एवढाच, की इमारतीत लोक राहायला गेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी तेथे जाऊन, राहणाऱ्यांना विचारून, मापे दुरुस्त करीत राहायचे. पुण्या-पिंपरीत वास्तुशास्त्राची महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना परदेशी संग्रहालयांच्या प्रतिकृती करायला लावण्याऐवजी हे काम दिले, तर विद्या आणि गाव या दोघांचाही लाभ होईल. त्या विद्यार्थ्यांनी एक प्रश्न घरातील स्त्रीला, तिचा नवरा समोर नसताना, अवश्य विचारावा: दिवसातून किती वेळा आणि कोठून कोठे जावे लागते?

राहिला प्रश्न यंत्राला दाखवायच्या नकाशांचा. आपले नकाशे आपणच जमविले नाहीत तर यंत्र परक्यांच्या सवयी शिकणार, हे वर सांगितलेच आहे. वाडे, चाळी, कोकणातील ओटी-पडवीची घरे, गिरणगावातील १६० चौरस फुटांच्या बीडीडी खोल्यांत चार-चार, सहा-सहा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या साधलेली मांडणी, हे सारे मोजून ठेवण्यासारखे आहे. महाविद्यालयांतील विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जुन्या घरांचे मोजणीचे नकाशे काढतात. परीक्षा झाली की ते कपाटात जातात. ते कपाटाबाहेर आणून सर्वांना खुले करण्यास फारसा खर्च नाही. तळेगावच्या गावठाणात तर घाई केली पाहिजे. नव्या इमारतीचा नकाशा ज्या कार्यालयात मंजुरीला येतो, त्याच कार्यालयात तिच्या जागी उभा असलेला वाडा पाडण्याचा अर्जही येतो. पाडकामाला परवानगी देण्यापूर्वी त्या वाड्याचा, ओसरीच्या उंचीपासून मोरीच्या उतारापर्यंत मोजमाप घेतलेला एक नकाशा दाखल करून घ्यावा. नगरपरिषदेला त्यासाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.